उशी काढा, गुडघा सरळ होऊ द्या

(दृश्य : सांगली जिल्ह्यातल्या एका गावातलं घर. पुढच्या खोलीत खाट, शेजारी वॉकर.)

गुडघा बदलून दवाखान्यातून घरी येऊन दोनच दिवस झालेत. काकूंच्या उजव्या गुडघ्याखाली सुनेनं मऊ उशी ठेवली आहे. पाय जरा वाकलेला राहिला की ठणका कमी लागतो, म्हणून. फिजिओथेरपिस्ट ताई येतात, हात धुतात आणि विचारपूस व्हायच्या आधी ती उशी काढून बाजूला ठेवतात. टॉवेलची गुंडाळी करून ती टाचेखाली सारतात. आता गुडघा अधांतरी. पाय आपल्याच वजनानं सरळ व्हायला बघतो आणि काकू दातओठ खातात.

“अहो ताई, दुखतंय आईंना,” सून म्हणते.

“दुखू दे थोडं. उशीवर ठेवलात तर पाय वाकडाच राहील.”

गुडघा बदलायचा म्हटलं की आपल्याकडे चौकशी होते ती खर्च किती आणि डॉक्टर कोण, याची. ऑपरेशन दीड-दोन तासांत उरकतं. पुढचे तीन महिने मात्र खाटेवर, मोरीत आणि जिन्यावर काढायचे असतात, आणि त्यांची चौकशी कुणीच करत नाही. चालणं परत येतं ते त्या महिन्यांत. ही फिल्म त्यांच्याबद्दल आहे.

(दृश्य : गुडघ्याचा एक्स-रे.)

एक्स-रेत पांढरंशुभ्र दिसतंय ते धातूचं. हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत कूर्चेचा थर झिजला आणि हाडावर हाड घासू लागलं, म्हणून सर्जननी मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचा माथा छाटला, तोही साधारण सेंटिमीटरभर जाडीचा. वरच्या बाजूला कोबाल्ट-क्रोमियमची टोपी बसवली, खाली धातूची तबकडी, आणि मध्ये पॉलिथिलिनचा म्हणजे चिवट प्लास्टिकचा तुकडा. बाकी सगळं जुनंच आहे. बाजूचे बंध, मांडीचे स्नायू, कातडी. हाडांसाठीच्या खास सिमेंटनं बसवलेला सांधा पहिल्या दिवसापासून वजन घ्यायला तयार असतो, म्हणून तर ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. तयार नसतात ते सुजलेले, कित्येक वर्षं दुखण्यापायी कमी वापरलेले स्नायू.

आजच्या सांध्यांचा पाया घातला तो १९७० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत तयार झालेल्या ‘टोटल कॉन्डायलर’ या कृत्रिम गुडघ्याच्या रचनेनं. ती घडवणाऱ्यांत डॉ. जॉन इन्सॉल यांच्यासोबत मध्य प्रदेशात जन्मलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा त्यांनीच बदलला आणि पुढच्या वर्षी उजवा. हे ऑपरेशन घरोघरी माहीत झालं ते त्या बातम्यांमुळे. पण खिशाला परवडायला आणखी वेळ गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत, कर सोडून, ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी तोच सांधा सरासरी दीड लाखाच्या वर जात होता.

(दृश्य : काकूंच्या पायात किराण्याची प्लास्टिकची पिशवी. टाच चादरीवरून सरकते आहे.)

ही पिशवी ताईंची युक्ती. पाय चादरीला अडत नाही, टाच सरसर मागे येते आणि गुडघा वाकतो. वाकवून पाच मोजायचे, पुन्हा सरळ. मग दुसरा व्यायाम. गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची आणि मांडी घट्ट आवळायची. बघणाऱ्याला वाटतं, काही चाललेलंच नाही. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि माणसाला खुर्चीतून उठवणारा स्नायू तोच. पंजा वर-खाली करायचा तो पोटरीत रक्त साकळू नये म्हणून.

वेदनेची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यावी. अनेक जण ‘सवय लागेल’ म्हणून गोळी टाळतात, मग दुखतं म्हणून व्यायामही टाळतात आणि गुडघा आखडतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी ठरलेल्या वेळी घेण्यात कसलाही कमीपणा नाही. व्यायामानंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, पंधरा-वीस मिनिटं. शेजारणी गरम शेक आणि तेल सुचवतील. सूज असताना शेकानं ती वाढते, आणि जखम भरायच्या आत तिच्यावर तेल चोळायचं नाही म्हणजे नाही.

काही गोष्टी घाबरवतात, पण घाबरायचं कारण नसतं. गुडघा कित्येक महिने कोमट लागतो. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला कातडी बधिर राहते. चालताना आतून टक असा आवाज येतो. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, दम लागला, जखमेतून पाणी आलं, ताप चढला, तर मात्र उद्यावर न टाकता लगेच दवाखाना.

(दृश्य : ताईंच्या हातात कोनमापक.)

दोन पट्ट्यांचं हे साधन गुडघ्याच्या बाजूला धरतात. पूर्ण सरळ पाय म्हणजे शून्य अंश. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा सत्तरच्या आसपास वाकावा लागतो, जिन्याला नव्वदच्या आसपास, साध्या खुर्चीतून उठायला शंभरच्या थोडा पुढे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नव्वद गाठायचे, असं ताई सांगतात. सहा-आठ आठवड्यांनीही गाडी त्याच्या अलीकडेच अडली, तर काही वेळा सर्जनना भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो.

पण ताई आधी शून्य बघतात. घरचे सगळे ‘किती वाकतो?’ विचारतात, ‘सरळ होतो का?’ कुणी विचारत नाही. दहा अंश जरी कमी पडले तरी पाय आखूड पडल्यागत माणूस लंगडतो, नुसतं उभं राहतानाही मांडी राबत राहते आणि काही दिवसांनी कंबर धरते. म्हणून ती उशी आधी गेली.

(दृश्य : स्वयंपाकघर. काकू ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापताहेत.)

“मांडी घालता येईल ना?” ऑपरेशनच्या आधी काकूंनी हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता. काही जणांना येते. पण नव्या गुडघ्याला १२० अंश म्हणजे उत्तम, आणि उकिडवं बसायला त्याच्या बरंच पुढे जावं लागतं. मधल्या प्लास्टिकवर नको इतका भार येतो, म्हणून बहुतेक सर्जन दोन्ही टाळायला सांगतात. हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. आमच्या बायकांचा जन्म जमिनीवर गेला. चुलीपुढे, देवापुढे, पंगतीत, पाय पसरून तान्ह्या नातवंडाला न्हाऊ घालताना. गुडघा बदलला की त्यातलं बरंच सुटतं. ते सुटणार, हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी ऑपरेशनच्या आधी बसून सांगायला हवं. नंतर कळलं की माणूस खचतो.

या घरानं बदल करून घेतले. देव्हारा भिंतीवरच्या फळीवर गेला. खाटेखाली विटा आल्या, कारण बुटक्या खाटेवरून उठताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. देशी संडासावर भोक असलेली कमोडची खुर्ची आली, मोरीत भिंतीला दांडा. पायात अडकणाऱ्या सतरंज्या उचलल्या.

एक बदल सगळ्यात अवघड गेला. सून पाणी हातात आणून द्यायची, मुलगा चपला पायात घालायचा. मायेपोटीच. ताईंनी दोघांनाही थांबवलं. तांब्या आता स्वयंपाकघरातच असतो आणि तहान लागली की काकू उठतात. दिवसातून बऱ्याचदा तहान लागते.

(दृश्य : घरासमोरच्या पायऱ्या.)

जिन्याचा नियम सोपा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी धरायची ती ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा बदललाय, तर काठी डाव्या हातात, म्हणजे उजवा पाय टेकताना भार वाटला जातो. बरीच माणसं उलट धरतात; रस्त्यात नुसतं बघत राहिलात तरी दिसेल.

(दृश्य : गावचा एसटी थांबा. तीन महिन्यांनंतर.)

एसटीची पहिली पायरी उंच. काकू दोन्ही हातांनी दांडा धरतात आणि उजवा पाय आधी टाकतात. नियमाप्रमाणे हे उलट वाटेल. पण झिजले होते दोन्ही गुडघे. डाव्याला चांगला म्हणायचं ते केवळ उजव्याच्या मानानं. आता उजवा सरळ होतो, ११५ अंशांपर्यंत वाकतो आणि तोच भरवशाचा झालाय.

आज त्या मिरजेला निघाल्यात, डाव्या गुडघ्याची तारीख घ्यायला. या खेपेला ताईंनी मांडीचे व्यायाम ऑपरेशनच्या दीड महिना आधीच सुरू करून दिलेत, कारण स्नायू मजबूत असला की नंतर उठणं लवकर जमतं. बसमध्ये जागा मिळाल्यावर काकू पाय पुढच्या सीटखाली लांब करतात, टाच टेकवतात आणि डावी मांडी आवळून पाच मोजतात.