खुंटीवरच्या सात चाव्या

श्रोतेहो, नमस्कार.

आधी हा आवाज ऐका. ...ऐकू आला ना? या चाव्या. मघाशी इथल्या ताई म्हणाल्या, आजी, माइकजवळ बांगड्या वाजतील, जरा काढून ठेवा. ठेवल्या. पण चाव्या मी मुद्दाम घेऊन आलेय. सात आहेत, आणि त्यातली एकही माझ्या घराची नाही. माझ्या घराला कुलूप लागतच नाही. मी असतेच ना घरात!

मी देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीत राहते. घरं अकरा, त्यातली सात बंद. मंडळी मुंबईला. पूर्वी परळ-लालबागला होती, आता डोंबिवली, नालासोपारा, विरार. जाताना प्रत्येकानं एकच वाक्य म्हटलं, "काकी, चावी तुमच्याकडेच ऱ्हवांदे." पहिली चावी माझ्या सासूबाईंच्या हाती पडली होती. माजघराच्या दारामागची खुंटीही त्यांचीच. मी फक्त प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली, कारण चाव्या सगळ्या सारख्या दिसतात आणि चष्मा वेळेला कधी सापडत नाही.

मला सणावारांच्या आठवणी सांगायला बोलावलंय. सण म्हटलं की मला आधी ही खुंटी दिसते, मोदक नंतर. श्रावणात ती भरलेली असते. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी रिकामी होते. मग मी उगाचच दोनदा तिच्याकडे बघून येते.

माझं माहेर विजयदुर्गाकडचं. बाबा गिरगावात एका छापखान्यात कामाला होते. मे महिन्यात ते बोटीनं यायचे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं घेत यायची. भोंगा ऐकू आला की आम्ही पोरं धावत बंदरावर. बाबांच्या कपड्यांना कोळशाचा, तेलाचा आणि कुणाच्या तरी ओकारीचा असा मिळून एक वास यायचा. तो वास म्हणजे आमची सुट्टी. आई आधी कपडे भिजत घालायची, मग चहा.

पण बोट पावसाळ्यात बंद. दर्या खवळलेला, कोण घालणार त्यात बोट? त्यामुळे गणपतीला यायचं तर कोल्हापूरवरून फोंडाघाट उतरून, एस.टी.नं, चिखलातून. रजा मिळाली तर. नाही मिळाली तर मनीऑर्डर यायची. लोक म्हणतात, कोकण मनीऑर्डरीवर जगलं. जगलं, खरं आहे. पण आमच्या घरी चतुर्थीच्या आधी पोस्टमन कुंपणाच्या बेड्यातून आत शिरताना दिसला की आईचं तोंड उतरायचं. पैसे आले म्हणजे माणूस येत नाही. ती अंगठा उठवायची, पैसे मोजायची, देवापुढे ठेवायची, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी विनाकारण मार खायचं.

१९६७ च्या वैशाखात माझं लग्न झालं. त्याच वर्षी ११ डिसेंबरला, पहाटेच्या अंधारात, कोयनेचा भूकंप झाला. आमच्याकडे भांडी फळीवरून खाली आली, कौलं खडखडली, गुरं दावी ओढायला लागली. सगळी वाडी खळ्यात गोधड्या गुंडाळून बसलेली. आणि सासूबाई काय म्हणाल्या असतील? "नवी सून इली नि धरणी हालली!" पुढे वर्षानुवर्षं कुणाचं वय, कुणाचं लग्न काढायचं झालं की त्या "भूकंपाच्या आधी की मागनं?" असं विचारायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. त्या तशा प्रेमळ होत्या. पण नारळ फोडल्यावर पाणी कुणाला द्यायचं हे त्यांनी शेवटपर्यंत स्वतःच ठरवलं.

चाव्यांचं काम मी त्यांच्याकडून शिकले. बंद घर सांभाळायचं म्हणजे नुसतं कुलूप ओढून बघायचं नसतं. कौलारू घराला धूर लागतो. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. अहो, चूल पेटली की धूर वर जातो, वाशांना-रिपांना बसतो, मग लाकडाला कीड सहसा धरत नाही. चूल विझली की दोन पावसाळ्यांत वाळवी जमिनीतून भिंतीत आणि भिंतीतून आढ्यापर्यंत. म्हणून पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी मी एकेक घर उघडते, खिडक्या सताड उघड्या टाकते, चुलीत नारळाची चार सोडणं पेटवते, वर ओला पाला. घरभर धूर करून बाहेर पडवीवर डोळे पुसत बसते. वानरांनी कौलं सरकवली असतील तर खाली टोप लावून ठेवते. एकदा आत धामण होती. ती बिचारी उंदरांमागून आलेली. तिला वाट करून दिली. कुलपात तेलाचा थेंब सोडायचा, तोही खोबरेलाचा. मुठेल वापरत नाही. कोकमाच्या बियांचं तेल काढायला केवढे कष्ट, ते माझ्या टाचांच्या भेगांना.

नागपंचमीला पाट द्यायचे असतात. ऐकणाऱ्यांत शहरातली मुलं असतील, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. घरचा पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा, त्यावर मूर्तिकार मूर्ती करतो. आणि मूर्ती कशी, हेही ठरलेलं. आमच्या घरची बैठी, उजव्या हाताशी उंदीर. धाकट्या दिराला एकदा मोरावरची हवी होती. सासूबाईंनी "मोर कार्तिकेयाचो" एवढंच म्हटलं आणि विषय संपला.

मग घर सारवायचं, गणपतीमागची भिंत रंगवायची, माटवी बांधायची. माटवी म्हणजे देवाच्या डोक्यावर आढ्याला टांगलेली लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळे म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपारीचं शिपटं, तवसं म्हणजे काकडी, लाल-केशरी कवंडळं, हरणाची पिवळी फुलं, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा. त्या दिवसांत रानात जे जे पिकलं-फुललं असेल ते सगळं देवाच्या डोक्यावर. हे आणायला पोरं जायची आणि कुठल्या बांधावर काय मिळतं ते आपोआप शिकायची. आता नातू फोनमध्ये फोटो दाखवून विचारतो, "आजी, हेच का शेरवड?" विचारतो हे काय कमी आहे!

ऋषिपंचमीच्या भाजीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ती मला मोदकांपेक्षा आवडते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरानं पिकवलेलं काही चालत नाही. म्हणून परसातलं, कुदळीनं लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं: अळू, सुरण, लाल भोपळा, मक्याची कणसं, शिराळं, भेंडी, लाल माठ. तेल नाही, मसाला नाही. खोबरं, हिरवी मिरची, आंबटाला कोकम. सुरण आणि अळू खाजरे, म्हणून कोकम सढळ हातानं. वर्षभर ज्या बैलांनी चिखल तुडवला त्यांच्या नावानं एक दिवस त्यांचं काही खायचं नाही, हे ज्या कुणी बाईनं ठरवलं असेल... बाईनंच ठरवलं असणार. पुरुषाला सुचलं असतं तर त्यानं बैलाची मिरवणूक काढली असती. आता वाडीत बैल एकही नाही, पॉवर टिलर आहे. धाकटी सून म्हणाली, "मग आता डिझेलच्या कष्टाचं खायचं नाही का?" मी म्हटलं, तू आधी सुरण चीर.

मोदकांचं एकच सांगते. साच्यातला मोदक मला चालतो. जुन्या बायका नाक मुरडतील. पण चाळीस माणसं घरात, गॅसवर उकड, बाहेर पाऊस, आणि माझी बोटं आता वाकत नाहीत. पारी पातळ हवी आणि उकड गरम असतानाच मळायला हवी, यात मात्र सूट नाही.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि खुंटीचं वेळापत्रकच बदललं. बोटी त्याआधीच गेल्या होत्या. आता माणसं कणकवलीला उतरतात, रिक्षा-टेम्पो करून येतात. पहिल्या वर्षी एका घरात जिथं चारजण यायचे तिथं चौदा आले. पांघरुणं पुरेनात. रात्री आरती करत घरोघर फिरायचं, प्रत्येक घरी भजन, काळ्या वाटाण्याची उसळ, चहा. शेवटच्या घरी पोचेपर्यंत "घालीन लोटांगण" खरोखरच लोटांगण घालत म्हटलं जायचं. जाताना पिशव्यांत तळाला नारळ, वर उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, कोकमाची सोलं, मसाला. आणि सगळ्यात शेवटी, गाडीची घाई असताना, "काकी, ही चावी."

२०२० मध्ये चतुर्थी २२ ऑगस्टला होती. करोना. मुंबईहून यायचं तर विलगीकरण, आणि म्हाताऱ्यांच्या जिवाला घोर, म्हणून बहुतेकांनी बेत रद्द केले. सातांपैकी तीन घरांत त्यांचा स्वतःचा गणपती असतो. नागपंचमीला मूर्तिकाराचा फोन आला, "आज्ये, पाट कोण देतला?" मी तीन चाव्या काढल्या, तिन्ही घरांतले पाट काढले, पुसले आणि पाठवले. चतुर्थीला त्याच्या मुलानं तिन्ही मूर्ती टेम्पोतून आणून दिल्या. शेजारची बाई आणि मी, दोघींनी तीन घरं सारवली, तीन माटव्या बांधल्या. माटव्या कसल्या, आंब्याचा टाळा, एक नारळ आणि असतील ती फुलं. एकवीस-एकवीस मोदक जमेनात. प्रत्येकाला पाच केले आणि देवाला सांगितलं, बाबा, या वर्षी एवढंच.

संध्याकाळी एका घरात मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. पलीकडे डोंबिवलीच्या खोलीत आठ माणसं टाळ घेऊन उभी. आरती सुरू केली तर त्यांचा आवाज आमच्या मागून. आम्ही "दर्शनमात्रे" म्हणतोय, ते अजून "जयदेव जयदेव"लाच. त्यांना गाठायला थांबलो तर तेही थांबले. शेवटी शेजारीण म्हणाली, "म्हणूया गो आपण, ते येतले मागसून." तशीच म्हटली. आरती संपली आणि आमच्या रिकाम्या घरात पुढची काही क्षणं त्यांचे टाळ एकटेच वाजत राहिले. मला त्या क्षणी आईच्या मनीऑर्डरी आठवल्या.

आता ही चावी. हिरव्या चिंधीची. मघाशी मी सात बंद घरं म्हटलं, तेव्हा एक थाप मारली. हे घर आता नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात फणस छपरावर पडला आणि भिंती पावसाळ्यात बसल्या. समोरच्या दाराची चौकट तेवढी उभी आहे, दाराला कुलूप आहे. चहूबाजूंनी आत जाता येतं, पण कुलूप आहे. त्या घरातला मुलगा फोनवर म्हणाला, "काकी, चावी टाकून द्या आता." मी हो म्हटलं आणि परत खुंटीला लावली. अंगणातल्या तुळशीकडे संध्याकाळी दिवा नेते. वाटेतच तर आहे.

आमच्या ताई काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ संपत आला. तर, हिरव्या चिंधीवाल्या, हे कुठे तुझ्या कानावर पडत असेल तर ऐक. यंदा येणार असलास तर नागपंचमीच्या आधी फोन कर. तुमचा पाट मी पडझडीतून काढून ठेवला होता, पण एक कोपरा वाळवीनं खाल्लाय. सुताराला सांगायला आठ दिवस तरी हवेत. आणि दुपारी दोन ते चार फोन करू नकोस, मी निजलेली असते.