कूपर नावाची मंडळी

नमस्कार श्रोतेहो! मुंबईकरांना कूपर म्हटलं की विलेपार्ल्याचं हॉस्पिटल आठवतं. मोटारवेड्यांना मिनी कूपर. आज या आडनावाचीच जरा चौकशी करू.

इंग्लंडात कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. ओकच्या फळ्या मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या तासायच्या, कडांना तिरका रंधा मारायचा. मग त्या गोलात उभ्या करून आत विस्तव पेटवायचा. लाकूड नरमलं की वाकवायचं आणि बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी तशी लोखंडी कडी ठोकून बसवायची. खिळा नाही, सरस नाही! आत बिअर ओतली की लाकूड फुगतं आणि फटी आपसूक मिटतात. मध्ययुगात बिअर, खारवलेले मासे, लोणी, सगळंच पिंपांतून जायचं. कूपरवाचून कुणाचं अडत नव्हतं असं गाव विरळाच. आडनावं रूढ झाली तेव्हा इतके कूपर निघाले, ते त्यामुळेच.

जहाजांसाठी पिंपं बनवण्याची जागा मुंबईतही होती. फुटबॉलच्या कूपरेज मैदानाचं नाव तिथलंच. पुढे पारशी मंडळींनी इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर अशी धंद्यांची इंग्रजी नावं घेतली, त्यांत कूपरही आलं. साताऱ्याचे सर धनजीशा कूपर लोखंडी नांगरांचे कारखानदार. काँग्रेसने सुरुवातीला सत्ता घ्यायला नकार दिला, म्हणून १९३७ च्या एप्रिलमध्ये तेच मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले. जुलैत त्यांच्या जागी काँग्रेसचे बाळासाहेब खेर आले. आज ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

मिनी कूपर १९६१ ची, शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांच्या नावाची. भौतिकशास्त्रात तर चक्क 'कूपर जोडी' आहे! अतिशीत धातूत इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, म्हणून वीज विनाअडथळा वाहते. या सिद्धांतासाठी लिऑन कूपर यांना १९७२ चं नोबेल दोघा सहकाऱ्यांबरोबर मिळालं.

आणि एक कूपर तर बहुधा कूपर नव्हताच. नोव्हेंबर १९७१ मध्ये अमेरिकेत 'डॅन कूपर' नावाने तिकीट काढून एकाने विमान पळवलं, दोन लाख डॉलर उकळले आणि रात्री पॅराशूट बांधून उडी टाकली. वर्तमानपत्रांनी घाईत त्याचा डी. बी. कूपर केला, तो आजतागायत तसाच. १९८० मध्ये कोलंबिया नदीकाठी एका पोराला वाळूत ५,८०० डॉलर सापडले, नोटांचे नंबर जुळले. माणूस मात्र अजून सापडलेला नाही.