एकच भाव, आणि वर काय?

(टोरांटोतल्या मंडळाच्या स्नेहमेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. आणि सभागृहात जे गोंयकार बसलेत त्यांना वेगळं, देव बरें करूं.

आयोजकांनी मला 'गोव्याचा व्यापार' असा भला मोठा विषय दिला होता. मी पडले म्हापशाच्या दुकानदाराची नात. खाणी आणि खनिज वाहणाऱ्या बार्जी यांवर मी काय बोलणार? मला गल्ल्यापुरतं कळतं, तेवढंच बोलते.

गेल्या मंगळवारी लेक मला इथल्या रॉयल ओंटारियो म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे ब्राँझचा एक म्हातारा खुर्चीत बसलाय. दाढीवाला, ऐसपैस. डाव्या बुटाचं टोक तेवढं पिवळंधमक, बाकी सगळा काळपट. मी सवयीने वाकले. लेक म्हणाली, "आई, पाया पडायचं नसतं, बूट घासायचा असतो. नशीब उघडतं म्हणे." मग मी दोन्ही केलं.

हा टिमोथी ईटन, इथल्या ईटन दुकानाचा संस्थापक. १९१९ साली दुकानाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा नोकरांनी हा पुतळा भेट दिला. तुम्ही ज्या ईटन सेंटर मॉलमध्ये शनिवारी पार्किंग शोधत फिरता, त्या नावाचा हा माणूस. ईटनचं दुकान मात्र तिथे आता नाही. १९९९ साली दिवाळं निघालं.

पुतळा बसलेला आहे, हे मला फार आवडलं. घोड्यावर नाही, हातात तलवार नाही. दुकानदार जसा बसतो तसा बसलाय.

आयर्लंडमधून आलेल्या या माणसाने १८६९ साली याँग स्ट्रीटवर कापडाचं दुकान घेतलं. त्याचे नियम दोनच. भाव एकच, त्यात घासाघीस नाही. आणि व्यवहार रोख, उधारी नाही. पुढे त्यात तिसरी गोष्ट आली ती म्हणजे माल पसंत नसेल तर पैसे परत. आज यात काय मोठंसं, असं वाटेल. पण त्या काळी दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा आणि चपला बघून भाव सांगायचा. उधारी वर्षभर चालायची, आणि ती बुडणार हे धरूनच भाव फुगवलेला असायचा. रोखीने घेणारा बिचारा दुसऱ्याची बुडीत उधारी भरत असे. ईटनने ते तोडलं. १८८४ पासून त्याचा कॅटलॉग निघू लागला. जिथे चार घरं आणि एक रेल्वे स्टेशन, अशा प्रेअरीतल्या, म्हणजे कॅनडाच्या गवताळ मैदानांतल्या गावांतही लोक त्यातून कपडे, स्टोव्ह, पुढे तर अख्खं घर बांधायचं लाकूड मागवू लागले. माणूस धर्मनिष्ठ मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा होता. दुकानात तंबाखू नाही, आणि रविवारी काचेच्या खिडक्यांवर पडदे.

तो गेला ३१ जानेवारी १९०७ ला. पणजीत आमचा एकतीस जानेवारी रस्ता आहे, तो अर्थात याच्यामुळे नाही. ते पोर्तुगालमधल्या १८९१ च्या बंडाचं नाव. पण तारीख वाचून मी उगाच दचकले.

आता आमच्या आजोबांकडे येते. आमचं दुकान म्हापशाला. 'डिपार्टमेंट स्टोअर' हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, पण एका दाराने आत शिरलं की शालू, सुटाचं कापड, छत्री, ट्रंक, सेंट, दाढीची ब्लेडं असं सगळं घेऊन बाहेर पडता यायचं. पुढे पणजीला दुसरं आणि मडगावला तिसरं दुकान झालं. म्हणजे तीन दुकानांची साखळी, साखळीतल्या प्रत्येक कडीवर एकेक मुलगा.

बाहेर शुक्रवारचा बाजार. हरमलची मिरची, मयड्याची केळी, मातीची भांडी, आणि प्रत्येक वस्तूवर हुज्जत. अशा जागी आजोबांनी गल्ल्याच्या वर पाटी लावली होती: 'एकच भाव'. खाली पोर्तुगीजमध्ये 'प्रेसु फिक्सु'. सरकारी लोकांना कळावं म्हणून.

पण म्हापशाचं गिऱ्हाईक पाटी वाचून गप्प बसेल होय? ते भाव मुकाट्याने मान्य करायचं. बिल झालं की बायका पदर सावरत विचारायच्या, "आनी वयर कितें?" म्हणजे, वर काय देणार? आजोबा नाखुशीचा चेहरा करून खणातून एक रुमाल काढायचे. कधी डझनभर बटणं, लहान पोर असेल तर खडीसाखर. त्या खणात सगळं आधीच मोजून ठेवलेलं असे. नाखुशीही मोजलेलीच. मी गल्ल्यामागे स्टुलावर बसून हे शेकडो वेळा पाहिलंय.

त्यांचं खरं धाडस मला उशिरा कळलं. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. मुंबईचं कापड यायचं बंद झालं. पण मुरगाव बंदर उघडं होतं, खनिज बाहेर जात होतं, त्याच्या पैशावर परदेशी माल आत येत होता. जपानी नायलॉन, स्विस घड्याळं, परदेशी ब्लेडं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पलीकडून येणाऱ्या लोकांची या मालावर झुंबड उडाली. दुकानं रिकामी व्हायला लागली. आसपास एकेका वस्तूचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. आजोबांनी पाटीवरचा भाव हलवला नाही. सगळा माल जुन्याच दराने गेला. वडील त्यांच्याशी आठवडाभर बोलत नव्हते. मला विचाराल तर वडिलांचा राग बरोबर होता. तसा माल पुन्हा मिळणार नव्हता.

ईटनचं कसं बुडालं, याची पुष्कळ कारणं सांगतात. १९७६ मध्ये कॅटलॉग बंद केला, नवी दुकानं आली, मालक घराणं गल्ल्यापासून लांब गेलं. शेवटी कारभार चार पणतूंच्या हाती होता. पण माझ्यासारखीला पटतं ते एकच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सेल बंद केले. वर्षभर रोज एकच रास्त भाव ठेवू, सवलतीचं नाटक नको, असं ठरवलं. म्हणजे पणजोबांचाच नियम. आणि गिऱ्हाईक निघून गेलं. काही वर्षांनी सेल परत आणले, पण तोवर लोकांनी दुसरी दुकानं धरली होती.

लेकीला मी म्हटलं, बघ, यांनी रुमालाचा खण बंद केला. सेल म्हणजे काय? गिऱ्हाइकाने न बोलता केलेली घासाघीसच की. त्याला स्वस्त नको असतं, त्याला आपण जिंकलो असं वाटायला हवं असतं. टिमोथीच्या काळी एकच भाव हीच नवलाई होती, तीच 'वर' मिळायची. सव्वाशे वर्षांनी त्याचं कुणाला काय?

आमचं दुकान मात्र गिऱ्हाइकाने बुडवलं नाही, ते कायद्याने वाटलं. गोव्यात वारशाला १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड. आता २०१२ चा नवा कायदा आहे, गाभा तोच. लग्न झालं की नवरा-बायको अर्ध्या-अर्ध्याचे धनी. आयकर कायद्यातही त्यासाठी वेगळं कलम आहे. आणि मुलगा असो की मुलगी, निम्म्या इस्टेटीतला त्यांचा वाटा मृत्युपत्र करूनही काढून घेता येत नाही. मला हा कायदा प्रिय आहे, आत्यांना त्यानेच हक्क दिला. पण दुकान काही करवतीने कापता येत नाही. मग कोर्टात 'इन्व्हेंटार' होतो. मालमत्तेची यादी होते, आणि एकाच गोष्टीवर दोघांनी हात ठेवला तर वारसांमध्येच बोली लागते. जुने वकील त्याला 'लिसितासांव' म्हणतात.

म्हापशाच्या दुकानावर थोरले काका आणि धाकटे काका, दोघांनी हात ठेवला. मी तेव्हा कॉलेजात होते, वडिलांबरोबर गेले होते. दोघे एका बाकावर बसले होते, मध्ये एक छत्री. थोरल्यांनी आकडा सांगितला. धाकट्यांनी त्यावर पाचशे चढवले. थोरल्यांनी आणखी पाचशे. कारकून मान वर न करता लिहीत होता. 'एकच भाव' अशी पाटी असलेल्या दुकानाचा भाव अर्धा तास असा वर वर जात होता आणि आत्या पदराचं टोक चावत बसल्या होत्या. शेवटी धाकट्यांना मिळालं. कर्ज काढून पैसे भरले, आणि ते कर्ज दुकानाला कधी फिटलं नाही.

त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. इथे येण्याआधी चार्जर घ्यायला गेले होते. मुलाने साडेसहाशे सांगितले. मी पाचशे म्हटलं. साडेपाचशेला दिला, आणि मी तिथेच उभी राहिले तेव्हा वर एक स्क्रीनगार्ड.