हायरमचे प्राचार्य, कोलंबसचे आमदार

(दृश्य: घंटेचा दोर. दोर ओढणारे दोन हात.)

पहाटे घंटा द्यायची. वर्ग झाडायचे. ओहायो राज्यातल्या हायरम नावाच्या खेड्यात, १८५१ साली, एक पोरगा अशी कामं करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवत होता. सहा वर्षांनी तोच त्या संस्थेचा प्राचार्य झाला.

जेम्स गारफील्ड. अमेरिकेचे विसावे राष्ट्राध्यक्ष, म्हणून हे नाव प्रश्नमंजुषेत विचारलं जातं. आपण मात्र आधी ओहायोच्या राजधानीत, कोलंबसला जाणार आहोत, त्यांच्या आमदारकीच्या दिवसांत.

जन्म १८३१ चा, लाकडी ओंडक्यांच्या घरातला. दोन वर्षांचा व्हायच्या आतच वडील गेले. सोळाव्या वर्षी पोरगा घर सोडून कालव्यावर कामाला लागला. काठाने खेचरं चालायची, त्यांच्या दोराने बोट पुढे सरकायची आणि हा खेचरं हाकायचा. पोहता येत नव्हतं. सहा आठवड्यांत चौदा वेळा पाण्यात पडला म्हणे. चौदाचा आकडा कुणी मोजून ठेवला असेल, देव जाणे! पण हिवतापाने घरी परत आणलं आणि आईने शाळेच्या वाटेला लावलं, ते खरं.

(दृश्य: हायरम. जुनी पाटी, खडू.)

हायरमची संस्था तेव्हा पदवी देत नव्हती. पदवीसाठी गारफील्ड मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात गेले. परत आले ते ग्रीक आणि लॅटिन शिकवायला. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, प्राचार्यपद चालून आलं. वय पंचवीस. रविवारी चर्चमध्ये प्रवचन, आठवडाभर वर्ग. ज्या ल्युक्रिशियाला एके काळी ग्रीक शिकवलं, तिच्याशी १८५८ मध्ये लग्न.

१८५९ साली राज्याच्या सिनेटची, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाची, निवडणूक आली आणि रिपब्लिकन पक्ष ज्यांना उभं करणार होता, ते गृहस्थ वारले. आता कोण? बोलणारा हवा, ओळखीचा हवा आणि गुलामगिरीच्या विरोधात ठाम हवा. प्राचार्य तिन्हीत बसत होते. निवडूनही आले.

(दृश्य: कोलंबसचं विधानभवन.)

हे विधानभवन चुनखडीच्या दगडाचं. दगड फोडायला तुरुंगातले कैदी लावले होते. जानेवारी १८६०, अठ्ठावीस वर्षांचे गारफील्ड इथे आले, सभागृहात वयाने सगळ्यांत लहान. हायरमचं पद सोडलं नव्हतंच. वर कायद्याचा अभ्यासही चालू. राज्याच्या पोटात कोणती खनिजं आहेत ते मोजून काढावं, म्हणून भूगर्भ सर्वेक्षणाचं विधेयक त्यांनी मांडलं. ते पडलं. मला ते मास्तरांना शोभणारं वाटतं. आधी मोजू, मग बोलू!

पण मोजायला सवड कुणाला होती? एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. गारफील्ड आणि त्यांचे खोलीतले सोबती, सिनेटर जेकब कॉक्स, लष्करी कवायतीची पुस्तकं घेऊन बसले. लाकडाचे ठोकळे कापायचे, हा ठोकळा कॅप्टन, ही तुकडी, आणि टेबलावर सैन्य फिरवायचं, असं सांगतात.

मग प्राचार्य हायरमला गेले, सैन्यभरतीसाठी. ओहायोच्या ४२ व्या पलटणीची पहिली कंपनी उभी राहिली ती त्यांच्याच विद्यार्थ्यांची. परवापर्यंत ज्यांची हजेरी घेतली, त्या पोरांना घेऊन ते केंटकीच्या डोंगरात उतरले. या प्रसंगापाशी मी नेहमी थबकतो. शिक्षकावरचा विश्वास किती दूरवर नेऊ शकतो, आणि कुठे.

(दृश्य: काटकोन त्रिकोण, फळ्यावर.)

पुढचं पटकन सांगतो. ब्रिगेडियर जनरल, मग सतरा वर्षं वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात. तिथे खासदार असतानाच, १८७६ मध्ये, पायथागोरसच्या प्रमेयाची स्वतःची सिद्धता छापून आली, समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ वापरून. जानेवारी १८८० मध्ये ओहायोच्या त्याच विधिमंडळाने त्यांना देशाच्या सिनेटवर निवडून दिलं. त्या खुर्चीत ते कधी बसलेच नाहीत, कारण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

(दृश्य: रेल्वे स्थानक. घड्याळ.)

२ जुलै १८८१. वॉशिंग्टनचं स्थानक, सकाळची वेळ. दोन मोठे मुलगे सोबत. चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने मागून दोन गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले.

त्या सकाळी ते निघाले होते विल्यम्स कॉलेजला, जुन्या वर्गमित्रांना भेटायला.