पहिली रात्र

[दृश्य: रात्र. पोलीस ठाण्याचा व्हरांडा. भिंतीवरचं घड्याळ. रिकामं लाकडी बाकडं.]

नऊ वाजून वीस मिनिटं. समजा, मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पंधरा वर्षांच्या एका मुलाला आत्ता या बाकड्यावर आणून बसवलं आहे. कलम कोणतं लागणार, पुढे काय होणार, ते यथावकाश ठरेल. आधी एवढंच सांगा, आज रात्री हा मुलगा झोपणार कुठे?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015 मधला ताब्याविषयीचा जवळजवळ सगळा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो. आणि कायदा पाळला गेला की मोडला, हेही बहुतेक वेळा पहिल्या रात्रीतच कळतं.

[दृश्य: स्टेशन डायरी. लिहिणारा हात. वेळेचा रकाना जवळून.]

ही स्टेशन डायरी. कलम 10 सांगतं, मुलाला ताब्यात घेतल्यापासून 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करा. प्रवासाला लागलेला वेळ तेवढा वगळायचा. हे 24 तास मोजायचे ते मुलाला धरलं त्या क्षणापासून. घोळ इथेच होतो. 'जरा चौकशीला बोलावलंय' म्हणून मुलाला दुपारीच आणून बसवतात आणि नोंद रात्री होते. कागदावर 24 तास चोख भरतात, मुलाचे मात्र 30 झालेले असतात. म्हणून घरच्यांनी एक करावं: मुलाला कोण, किती वाजता घेऊन गेलं आणि ठाण्यातून फोन किती वाजता आला, ते लगेच लिहून ठेवावं. वकील सर्वात आधी तेच विचारतो.

आपल्या उदाहरणातल्या मुलाला तर रात्री थांबवण्याचं कारणच नाही. पहिल्यांदाच केलेल्या साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेत जास्तीत जास्त 3 वर्षांची शिक्षा आहे, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या भाषेत हा किरकोळ अपराध. अशा प्रकरणात मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही. डायरीत माहिती लिहायची, आदर्श नियमांतल्या नमुना 1 मध्ये मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरायचा, दोन्ही मंडळाकडे पाठवायचं, आणि मंडळापुढे कधी यायचं ते आईवडिलांना कळवायचं. ताब्यात घेण्याचा अधिकार मुख्यतः घृणास्पद अपराधांपुरता आहे, म्हणजे ज्यांना किमान 7 वर्षांची शिक्षा आहे अशा अपराधांपुरता. एरवी मुलाच्या हितासाठीच ते आवश्यक असेल तरच.

[दृश्य: खुंटीला अडकवलेला गणवेश. शेजारी साध्या शर्टातला अधिकारी, पाठमोरा.]

खुंटीवर गणवेश आहे आणि अधिकारी साध्या कपड्यांत आहे. नियम तसाच आहे. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि मुलाशी बोलायचं काम त्याचं. बेडी नाही, दोरी नाही, मारहाण नाही, धमकी नाही. मुलाची कोणत्याही जबाबावर सही घ्यायची नाही. त्याला खायला द्यायचं, गरज असेल तर दवाखान्यात न्यायचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याला फुकट मिळतो, हे सांगायचं. परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे मुलाच्या घरची माहिती काढणाऱ्या 'प्रोबेशन ऑफिसर'ला, कळवायचं.

आणि लॉकअप? कोणत्याही परिस्थितीत नाही. कायद्याचे शब्द याबाबत इतके स्वच्छ आहेत की पळवाटेला जागाच उरत नाही. रात्री उशीर झाला, मंडळ दूर आहे, सुट्टी आहे, तरी मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवण्याच्या गृहात, किंवा योग्य सुविधा म्हणून मान्यता असलेल्या ठिकाणी ठेवायचं. मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं. 'उद्या बोर्ड बसणार नाही' हे कारण कोणी देत असेल तर त्याला कलम 7 दाखवावं.

[दृश्य: टेबलावरची फाइल. नावाच्या जागी काळी पट्टी.]

या संपूर्ण चित्रफितीत तुम्हाला एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही. नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कोणताही तपशील छापणं किंवा दाखवणं कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरवणाऱ्यालाही हे कलम लागू आहे.

[दृश्य: शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारखेवर बोट.]

आता हा कागद नीट पाहा. अनेक मुलांचं भवितव्य याच्यावर टांगलेलं असतं.

मूल म्हणजे 18 वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. अपराधाच्या दिवशीचं वय धरायचं, पकडल्याच्या दिवशीचं नाही. दिसण्यावरूनच वय उघड असेल तर मंडळ तशी नोंद करून पुढे जातं. शंका असेल तर कलम 94 ने पुराव्यांचा क्रम लावून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही बाल कल्याण समितीच्या किंवा मंडळाच्या आदेशाने, आणि 15 दिवसांत पूर्ण. हाडांवरून वय अंदाजानेच कळतं, दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. सतरा की एकोणीस हे त्यावरून ठरवणं किती जोखमीचं आहे, वेगळं सांगायला नको. आधार कार्ड या यादीत नाही.

आपल्याकडची एक जुनी अडचण इथे येऊन भिडते. दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख असलेली माणसं महाराष्ट्रात घराघरांत आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर वय अंदाजाने धरायचे, तारीख 1 जून लावायचे. एरवी त्याने फारसं बिघडत नाही, पण अपराधाची तारीख अठराव्या वर्षाच्या आसपास असेल तर त्या एका नोंदीवर मुलगा निरीक्षणगृहात की मोठ्यांच्या तुरुंगात हे ठरतं. म्हणून दाखल्याबरोबर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि प्रवेशाच्या वेळी कोणता कागद दिला होता त्याची माहिती काढून आणावी. उलटही होतं. मुलगा घाबरून किंवा बरोबरच्यांनी शिकवलं म्हणून 'एकोणीस' सांगतो, ठाण्यात तेच उतरतं आणि तो मोठ्यांबरोबर आत जातो. तरीही दार बंद होत नाही. अपराधाच्या वेळी आपण अठराच्या आत होतो हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल लागून गेल्यावरसुद्धा करता येतो. कलम 9 मध्ये तशी स्पष्ट सोय आहे.

[दृश्य: मंडळाची खोली, बैठकीआधी. एक टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचा तांब्या.]

ही बाल न्याय मंडळाची खोली. चौथरा नाही, पिंजरा नाही, साक्षीदाराचा कठडा नाही. मुलाची खुर्ची टेबलाच्या याच बाजूला, सदस्यांच्या समोरासमोर. मंडळात तिघे असतात: किमान 3 वर्षांचा अनुभव असलेले एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री. मंडळाने कोर्टाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात बसू नये, निरीक्षणगृहात किंवा जवळपास बसावं, कामाच्या सगळ्या दिवशी बसावं. हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे, कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. 'आरोपी', 'अटक', 'खटला' हे शब्दही या खोलीत वापरायचे नाहीत. इथे 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतं आणि त्याची 'चौकशी' होते.

इथला पहिला विषय जामिनाचा. कलम 12 मोठ्यांच्या जामिनापेक्षा अगदी वेगळं आहे, आणि पालकांना हेच सांगितलं जात नाही. मुलाला सोडणं हा नियम, ठेवून घेणं हा अपवाद. हमीदार असो वा नसो, सोडायचं. हवं तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. न सोडण्याची कारणं तीनच: सोडल्यावर तो एखाद्या ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. यांपैकी काय लागू आहे ते मंडळाने लिहून द्यायचं. 'अपराध गंभीर आहे' हे कारण या यादीत नाही. जामिनाची अट घरच्यांना झेपली नाही आणि 7 दिवस गेले, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अट सैल करून घ्यायची. ही तरतूद ज्या घराला माहीत नसते, तिथे हमीदार शोधण्यात महिना जातो.

[दृश्य: निरीक्षणगृहातली शयनखोली. ओळीने घड्या घातलेली पांघरुणं. खिडकीला जाळी.]

जामीन मिळाला नाही तर इथे. पन्नास मुलांच्या गृहासाठी नियमांत मापं दिलेली आहेत: 25 मुलांमागे 1000 चौरस फुटांची एक शयनखोली, 5 न्हाणीघरं, 8 शौचालयं, शिवाय वर्ग, वाचनालय, आजारी मुलांची खोली. मुलं वयोगटाप्रमाणे वेगळी ठेवायची. बारा वर्षांच्या मुलाची गादी सतरा वर्षांच्या मुलाशेजारी लागली की त्या रात्री काय होऊ शकतं, हे गृहातल्या प्रत्येक काळजीवाहकाला ठाऊक असतं.

[दृश्य: डोंगरीची उंच दगडी भिंत, वरून खाली.]

ही भिंत मुंबईतल्या डोंगरीची. हे निरीक्षणगृह जुन्या उमरखाडी तुरुंगाच्या आवारात आहे. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा 1924 साली झाला, देशभरासाठी एकच कायदा यायला 1986 उजाडलं. त्यातही मुलगा 16 पर्यंतच मूल, मुलगी 18 पर्यंत. त्याच वर्षी शीला बारसे यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका असं बजावलं. दोघांसाठी 18 ही मर्यादा 2000 च्या कायद्याने आली. लोकांच्या तोंडी मात्र अजूनही 'रिमांड होम'च आहे.

[दृश्य: परिविक्षा अधिकारी चाळीच्या जिन्याने वर जाताना. हातात फाइल.]

परिविक्षा अधिकारी म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातले 'पीओ'. दोन आठवड्यांत त्यांनी सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मुलगा शाळेतून का सुटला, घरात कमावतं कोण, दारू आहे का, मार आहे का, त्याच्यावर जीव लावणारं मोठं माणूस कोण. चांगला अहवाल शेजारणीशी बोललेला असतो, वर्गशिक्षकांना भेटलेला असतो. वाईट अहवाल ओळखायला सोपा: 'आर्थिक परिस्थिती हलाखीची, पालकांचे दुर्लक्ष, समुपदेशनाची गरज.' हीच तीन वाक्यं नाव बदलून दहा फायलींत सापडली की समजावं, जिना कोणी चढलेलं नाही. मंडळापुढे मुलाच्या घराची दुसरी कोणतीही खिडकी नसते, म्हणून या कागदावर इतकं बोलायचं.

चौकशी 4 महिन्यांत संपवायची, फार तर 2 महिने वाढवून. किरकोळ अपराधाची तेवढ्यातही संपली नाही तर ती तिथेच बंद होते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद अपराधाचा आळ असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं, म्हणजे अपराध करण्याची आणि त्याचे परिणाम समजण्याची त्याची कुवत तपासतं, आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं. तिथेही फाशी नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप नाही, आणि 21 वर्षांपर्यंत तुरुंग नाही. बाकीच्यांसाठी समुपदेशन, समाजसेवा, देखरेख, आणि जास्तीत जास्त 3 वर्षं विशेष गृह.

[दृश्य: रेल्वे फलाट. मदत कक्षाची खिडकी. फलकावर 1098.]

या कायद्याला दुसरंही दार आहे. ज्याने काही केलेलं नाही, पण ज्याला कोणी नाही किंवा असलेलं माणूसच धोक्याचं आहे, ते मूल या दारातून येतं. घरातून पळालेलं, कामाला जुंपलेलं, फलाटावर एकटं सापडलेलं. इथे मंडळ नाही, बाल कल्याण समिती: अध्यक्ष आणि चार सदस्य. हजर करायला पोलीसच लागतात असं नाही, तुम्ही-आम्ही कोणीही करू शकतो, मूल स्वतःही येऊ शकतं. मुदत इथेही 24 तास. सापडलेल्या मुलाला 'चांगलं घर आहे' म्हणून परस्पर कुणाकडे ठेवणं, हेतू कितीही चांगला असला तरी, बेकायदा आहे. आधी 1098.

समितीचा तपासणी अहवाल 15 दिवसांत, अंतिम आदेश 4 महिन्यांत. बालगृह हा शेवटचा पर्याय. आधी आईवडील, मग नातेवाईक, योग्य व्यक्ती (मुलाला सांभाळायला मान्यता मिळालेलं माणूस), प्रतिपालन (दुसऱ्या कुटुंबात सांभाळ), प्रायोजकत्व (मुलाच्या घराला आर्थिक मदत). अडतं कुठे, तर मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा राज्यातलं असतं तेव्हा. तिथल्या बाल संरक्षण कक्षाकडून घराची पाहणी होऊन येईपर्यंत मूल इथेच थांबतं. समितीने मुलाला त्याच्या भाषेत विचारलेलं नसेल तर पत्ताही चुकीचा लिहिला जातो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

नवराबायकोच्या भांडणात मूल कोणाकडे, हा वाद मात्र समितीचा नव्हे. तो कौटुंबिक न्यायालयात, 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली चालतो. समितीचा आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं.

[दृश्य: निरीक्षणगृहाचं कार्यालय. बाहेर जाणाऱ्यांचं रजिस्टर. पदराने चष्मा पुसणारी आई.]

जामिनाचा आदेश आला आहे. अधीक्षक तो वाचून दाखवतात. मग हमीपत्र: पुढच्या तारखेला मुलाला घेऊन येईन, परिविक्षा अधिकाऱ्याला भेटू देईन, शाळेत पाठवीन. आई सही करते. आल्या दिवशी जमा झालेल्या वस्तूंची यादी वाचली जाते आणि एकेक वस्तू टेबलावर येते. एक पट्टा. एक घराची किल्ली. 40 रुपये. मुलाने मोजून घ्यायचे आणि तशी नोंद करायची. शेवटचा रकाना वेळेचा: पाच वाजून चाळीस मिनिटं.

[इथून फाटक बंद होईपर्यंत निवेदन नाही.]