रेघ जिथे वळते

(पडद्यावर: काळ्या, चकचकीत प्लॅस्टिकचं एक झाकण. वर ट्यूबलाइट.)

हे झाकण तळहाताएवढं आहे. वरून सपाट, कडेला खाली वळलेलं. त्यातलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. सपाट भागावरून ती पांढरी रेघ तिरकी, सरळ येते, आणि कडेच्या थोडं आधी एकदम मुरडते. तिथे ओरखडा नाही, खड्डा नाही, जोडही दिसत नाही. तरी डोळा तिथेच थांबतो.

हे झाकण मी डिझाइन केलेलं आहे. भोसरीतला एक छोटा कारखाना, माझी पहिली नोकरी. सॉफ्टवेअरमध्ये वरचा पृष्ठभाग काढला, बाजूचा काढला, आणि दोघांच्या मधे ८ मिलिमीटर त्रिज्येचा फिलेट, म्हणजे कोपरा गोल करणारा कंस, टाकला. एका क्लिकचं काम. डिप्लोमाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला कंपास घेऊन आम्ही हेच करायचो: दोन रेषा, आणि दोघींना स्पर्श करणारा वर्तुळाचा कंस. स्पर्शबिंदू अचूक आला की मार्क पूर्ण.

साच्यातून पहिला नमुना निघाला, तो टूल रूममधल्या काकांनी उजेडाखाली धरला. अंगठा फिरवला. म्हणाले, "मॅडम, इथं अडतंय बघा."

मला वाटलं, साच्याच्या पॉलिशमध्ये काही राहिलं असेल. मोजलं. सगळी मापं बरोबर होती. साचा मी दिलेल्या मॉडेलप्रमाणेच कापला होता, म्हणजे जे काही अडत होतं ते माझ्या मॉडेलमध्येच होतं.

(पडद्यावर: घाटातली रेल्वेगाडी. खिडकीतून दिसणारं वळण.)

ते मला कळलं रेल्वेमुळे. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणारा भोर घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, आणि त्यात वळणांना तोटा नाही. गाडी वळणात शिरते तेव्हा आपण हळूहळू एका बाजूला कलतो. या 'हळूहळू'साठी कुणीतरी गणित केलेलं असतं.

समजा, सरळ रूळ थेट वर्तुळाच्या कंसाला जोडले. त्रिज्या ५०० मीटर, गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की त्वरण येतं ०.८. बाहेरचा रूळ उचललेला नाही असं धरलं, तर ६० किलोच्या माणसाला बाजूला साधारण ५ किलो वजनाएवढा रेटा बसेल. रेटा फार मोठा नाही. पण तो एका क्षणात येईल. आत्ता काहीच नव्हतं, आणि आता सगळा. हातातला चहा सांडेल, रुळाला आणि चाकालाही तो हिसका बसेल.

म्हणून सरळ मार्ग आणि कंस यांच्यामधे संक्रमण वक्र टाकतात. भारतीय रेल्वेत त्यासाठी क्युबिक पॅराबोला वापरतात. सुरुवातीला त्याची वक्रता शून्य असते, मग अंतराबरोबर थोडी थोडी वाढत जाते, आणि कंसाच्या वक्रतेपाशी येऊन त्याला मिळते. बाहेरचा रूळही तेवढ्याच लांबीत हळूहळू उचलला जातो.

वक्रता म्हणजे एक भागिले त्रिज्या. सरळ रेषेची वक्रता शून्य. माझ्या ८ मिलिमीटरच्या फिलेटची एक अष्टमांश, म्हणजे ०.१२५. झाकणावर सपाट भाग संपतो आणि फिलेट सुरू होतो, त्या रेषेवर वक्रता शून्यावरून थेट ०.१२५ वर उडी मारत होती. तिथून कुणी प्रवासी जात नव्हता, पण प्रकाश जात होता, आणि प्रतिबिंबाला तोच हिसका बसत होता.

(पडद्यावर: दोन रेषा, मधली जागा मोकळी.)

या धंद्यात जोडाची प्रत सांगायला छोटी भाषा आहे. दोन टोकं नुसती भिडली, तर जी-झीरो. भिडली आणि दिशाही एकच, तर जी-वन. कंपासने काढलेला माझा कंस तो हाच. दिशेबरोबर वक्रताही जुळली, तर जी-टू. वक्रता बदलण्याचा वेगसुद्धा जुळला, तर जी-थ्री. गाडीच्या बॉनेटवर काम करणारी माणसं जी-टूच्या खाली बोलतच नाहीत.

जहाज बांधणाऱ्यांना हे संगणकाच्या कितीतरी आधी माहीत होतं. लाकडाची लांब, लवचिक पट्टी घ्यायची, ठरलेल्या ठिकाणी शिशाची वजनं ठेवून तिला अडकवायचं, आणि पट्टी आपोआप जो आकार घेईल तो आखून घ्यायचा. त्या पट्टीचं इंग्रजी नाव स्प्लाइन. वजनांना म्हणायचे डक, कारण ती बदकासारखी दिसत. पट्टी वाकायला नाखूश असते, म्हणून कमीत कमी वाकून ती सगळ्या ठिकाणांमधून जाते, आणि वक्रतेची उडी तिच्यात मुळात येतच नाही. १९४६ मध्ये आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञाने हाच शब्द उचलून गणितात आणला. आज कॅड, म्हणजे संगणकावरचं ड्रॉइंग, शिकणारा प्रत्येक विद्यार्थी स्प्लाइनचं बटण दाबतो. त्या बटणामागे जहाजांची गोदी आहे आणि शिशाची बदकं आहेत, हे मला फार आवडतं.

(पडद्यावर: कागदावर चार बिंदू. पेन्सिल त्यांना क्रमाने जोडते.)

आता फ्रान्समध्ये जाऊ. १९५०च्या दशकात मोटारीचा आकार पूर्ण मापाच्या रेखाचित्रांवर आणि लाकडाच्या किंवा प्लास्टरच्या मूळ नमुन्यावर ठरायचा. रेखाचित्रात ठरावीक छेद असत. दोन छेदांमधलं पोट कसं भरायचं, ते कारागिराच्या हातावर. यंत्राला मात्र प्रत्येक बिंदू आकड्यांत सांगावा लागतो.

१९५८ मध्ये पॉल द कास्तेल्जो नावाचा तरुण गणितज्ञ सित्रोएन या मोटार कंपनीत आला. पुढच्याच वर्षी त्याने जी रीत मांडली ती इतकी साधी आहे, की शाळेतल्या मुलाला पट्टी-पेन्सिलीने करता येईल.

चार बिंदू घ्या आणि क्रमाने जोडा. तीन रेषाखंड झाले. प्रत्येकाचा मध्यबिंदू काढा. ते तीन मध्यबिंदू जोडा, दोन रेषाखंड मिळाले. त्यांचे मध्यबिंदू काढून जोडा, एक उरला. त्याचा मध्यबिंदू म्हणजे तुमच्या वक्रावरचा एक बिंदू. आता मध्याऐवजी एक तृतीयांशावर हेच करा, दुसरा बिंदू. एक दशांशावर करा, तिसरा. रेषा विभागत राहायचं, बस. वक्र पहिल्या बिंदूपासून निघतो, शेवटच्यावर पोचतो. मधले बिंदू त्याला स्वतःकडे ओढून धरतात. द कास्तेल्जो या बिंदूंना पोल म्हणायचा, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये आजही तोच शब्द दिसतो.

सित्रोएनने ही रीत गुपित ठेवली. तिकडे रेनॉ या दुसऱ्या मोटार कंपनीत पिएर बेझिए हा यंत्र अभियंता स्वतंत्रपणे त्याच वक्रांपर्यंत पोचला. १९६०च्या दशकात त्याने ते प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या जोरावर युनिसर्फ ही प्रणाली उभी केली. त्यामुळे जगभर नाव पडलं बेझिए वक्र. द कास्तेल्जोचे कंपनीतले अहवाल १९७०च्या दशकात बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती लागले, तेव्हा आधी कोण होतं ते कळलं. २०१२ मध्ये या क्षेत्रातला एक मोठा सन्मान त्याला मिळाला. त्या सन्मानाचं नाव आहे बेझिए पुरस्कार.

तुम्ही मोबाइलवर मराठी वाचता तेव्हा अक्षरांच्या कडाही याच कुळातल्या वक्रांनी आखलेल्या असतात. 'क'चं पोट, 'ळ'च्या दोन गाठी. आपल्याकडे अक्षराला वळण असतं म्हणतात. फॉन्ट करणारा माणूस ते वळण बिंदू सरकवत सरकवत घडवतो.

(पडद्यावर: कॅडची खिडकी. झाकणाचा छेद, दोन सरळ रेषा, सहा बिंदू.)

झाकणाकडे परत येते. फिलेटऐवजी इथे काय हवं होतं?

बेझिए वक्राची एक सोय आहे. टोकाची दिशा पहिले दोन बिंदू ठरवतात, आणि टोकाची वक्रता पहिले तीन. तिसरा बिंदू त्या दिशारेषेपासून जितका दूर, तितकी वक्रता जास्त. आणि तो तसाच दूर ठेवून दुसरा बिंदू टोकापासून दुप्पट लांब नेला, तर वक्रता चौथाईवर येते. म्हणजे एका टोकाला जी-टू हवं असेल तर तीन बिंदू हवेत, दोन्ही टोकांना हवं असेल तर सहा. सहा बिंदूंचा वक्र पाचव्या घाताचा.

माझ्या झाकणात दोन्हीकडे सरळ रेषा आहेत, त्यांची वक्रता शून्य. मग तीन बिंदू वरच्या रेषेवर ठेवायचे, तीन बाजूच्या रेषेवर. इतकंच. वक्र शून्य वक्रतेने निघतो, कोपऱ्याच्या मध्यापर्यंत वळत जातो, पुन्हा शून्यावर येऊन उतरतो. राइनो या कॅड सॉफ्टवेअरमध्ये याला ब्लेंड कर्व्ह म्हणतात, एनएक्समध्ये ब्रिज कर्व्ह, कॅटियात कनेक्ट कर्व्ह. मोफत मिळणाऱ्या फ्रीकॅडलाही कर्व्ह्ज नावाचं वर्कबेंच जोडता येतं, त्यात हे आहे. दोन कडा निवडा, कर्व्हेचर हा पर्याय निवडा, सॉफ्टवेअर सहा बिंदू मांडून देतं.

मांडून देतं, पण ते किती लांब ताणायचे, हे तुमच्यावर. बिंदू कोपऱ्याच्या फार जवळ नेले तर मधोमध टोकदार शेंडा येतो. फार आखूड ठेवले तर मधे चपटं आणि दोन बाजूंना दोन वळणं. दोन्ही जोड जी-टूच आहेत, आणि दोन्ही वाईट आहेत.

यासाठी कर्व्हेचर कोंब, म्हणजे वक्रतेचा कंगवा, उघडून ठेवावा.

(पडद्यावर: वक्रावर उभे राहिलेले दात, कंगव्यासारखे.)

वक्राच्या प्रत्येक बिंदूवर जितकी वक्रता तितका लांब दात. फिलेटचा कंगवा असा दिसतो: काहीच नाही, मग अचानक भिंत, सपाट माथा, पुन्हा भिंत. ही भिंत म्हणजेच काकांच्या अंगठ्याला लागलेली अडचण. ब्लेंडचा कंगवा टेकडीसारखा. ती टेकडी एकच असावी आणि तिचा उतार गुळगुळीत असावा, म्हणून मी बिंदू सरकवत बसते. कधी दहा मिनिटं, कधी अख्खी दुपार.

मग झेब्रा. सॉफ्टवेअर पृष्ठभागावर काळे-पांढरे पट्टे प्रतिबिंबासारखे पाडतं. जोडावर पट्टे तुटले तर जी-झीरो. तुटले नाहीत पण कोपरा पडला, तर जी-वन. सलग वाहत गेले, तर जी-टू किंवा त्याहून चांगलं. म्हणजे आमच्या टूल रूममधली ट्यूबलाइटच ती, साचा कापण्याआधी मिळालेली.

प्रत्येक कोपऱ्याला हे लाड हवेत असं मी म्हणत नाही. आतला ब्रॅकेट, मशिनच्या पायाखालची प्लेट, तिथे साधा फिलेट टाका. गोल कटर तो एका फेरीत कापतो आणि मापायलाही सोपा असतो. पण जिथे उजेड पडणार आहे, जिथे माणसाचा हात रोज फिरणार आहे, तिथे कंगवा न बघता पुढे जाऊ नका. हे मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला सांगते.

(पडद्यावर: पुन्हा ते झाकण.)

त्या झाकणाचं पुढे काय झालं? स्क्रीनवर नवा जोड पंधरा मिनिटांत तयार झाला. पण साचा कापून झाला होता. पोलाद काढता येतं, घालता येत नाही. घालायचं तर वेल्डिंग, आणि वेल्डिंगची खूण आरशासारख्या पॉलिशमध्ये लपत नाही. नव्या वक्राला कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना पोलाद घालावं लागणार होतं. तेवढा वेळ नव्हता, पैसाही नव्हता. शेवटी झाकणाची चकाकी काढून साच्याला बारीक दाणेदार टेक्श्चर दिलं. दाण्यांत उजेड विखुरतो, प्रतिबिंबच उमटत नाही.

पहिला चकचकीत नमुना काकांनी मला दिला. तो माझ्या टेबलावर असतो. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की ती पांढरी रेघ त्याच्यावरून सरळ येते, आणि कडेच्या आठ मिलिमीटर आधी मुरडते.