मेळ्याला थोडं चालू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या वस्तीत वेगवेगळ्या भाषांची, देशांची, चालीरीतींची माणसं राहतात, तर सगळ्यांना एकत्र आणणारा एक मेळा भरवू या, असं पुष्कळांच्या मनात येतं. मग समिती बसते. आणि समिती बसली की सगळ्यात आधी कागदावर चौकोन आखले जातात. हा चौकोन यांचा, तो चौकोन त्यांचा. प्रत्येक चौकोनात एक टेबल, दोन खुर्च्या, मागे एक नकाशा. मेळ्याच्या दिवशी लोक येतात, टेबलांपुढून रांगेनं जातात आणि घरी जातात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नावही कुणाला कळत नाही.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. मेळ्याच्या आखणीत थोडी जागा मोकळी सोडा आणि थोडा वेळ मोकळा सोडा. मुद्दाम सोडा.

हे का म्हणतो, ते सांगण्यासाठी तुम्हाला लंडनला घेऊन जातो. नॉटिंग हिल नावाच्या भागात. आज तिथली घरं भल्याभल्यांना परवडत नाहीत, पण 1950 च्या दशकात ती गरिबांची, दाटीवाटीची वस्ती होती. 1958 च्या ऑगस्टअखेरीला तिथं दंगल पेटली. कॅरिबियन बेटांवरून कामाला आलेल्या लोकांच्या घरांवर गोऱ्या तरुणांच्या टोळ्या चालून गेल्या. त्या वेळी क्लॉडिया जोन्स ही बाई लंडनमध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ नावाचं वर्तमानपत्र चालवत होती. जन्म 1915 चा, त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरचा. वाढली न्यूयॉर्कमध्ये. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेत तुरुंगात गेली आणि 1955 साली तिला देशाबाहेर काढलं. अशी बाई दंगलीनंतर निषेधसभा घेईल, असं वाटेल तुम्हाला. तिनं कार्निव्हल, म्हणजे नाचगाण्याचा उत्सव, भरवला. 30 जानेवारी 1959 ला, सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये. त्रिनिदादला कार्निव्हल रस्त्यावर होतो, पण लंडनच्या जानेवारीत रस्त्यावर नाचणार कोण? म्हणून छताखाली. बीबीसीनं तो टेलिव्हिजनवर दाखवला. आणि एक बारीक गोष्ट मला फार आवडते: कार्यक्रमाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की तिच्या विक्रीच्या उत्पन्नाचा काही भाग दंगलीच्या खटल्यांत दंड झालेल्या तरुणांसाठी जाईल. काळ्या आणि गोऱ्या, दोन्ही तरुणांसाठी.

क्लॉडिया 1964 च्या डिसेंबरात गेली. आता येतो 1966 चा सप्टेंबर. माझी आवडती गोष्ट इथून सुरू होते.

त्याच नॉटिंग हिलमध्ये रॉन लॅस्लेट नावाची एक बाई वस्तीत समाजकार्य करत होती. तिच्या आजूबाजूला आयरिश, पोर्तुगीज, युक्रेनियन, आफ्रिकी, कॅरिबियन, सगळे एकमेकांना खेटून राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. तिनं ठरवलं, मुलांसाठी आणि सगळ्यांसाठी आठवडाभराचा मेळा भरवायचा. ज्याला जे येतं, ते त्यानं घेऊन यावं. तिनं रसेल हेंडरसन या त्रिनिदादच्या वादकालाही बोलावलं. हे हेंडरसन रविवारी एका पबमध्ये आपल्या साथीदारांबरोबर स्टीलपॅन वाजवायचे.

स्टीलपॅन माहीत आहे ना? तेलाच्या रिकाम्या पिंपापासून बनवतात. पिंपाचा तळ ठोकून ठोकून खोलगट करायचा आणि त्यात एकेका स्वराची जागा घडवायची. त्रिनिदादमध्ये 1930 आणि 40 च्या दशकांत हे वाद्य गरीब वस्त्यांतल्या पोरांनी घडवलं. आणि जाता जाता माझं जुनं भांडण सांगून टाकतो. जे वाद्य उघड्या रस्त्यावर टोकापर्यंत ऐकू जातं, त्याच्या तोंडाशी चार चार माइक लावणाऱ्यांना मी कधी समजू शकलो नाही. वाद्य मरतं हो त्यानं. असो.

तर दिवस मेळ्याचा. रस्त्याचं एक टोक अडवून ठेवलेलं. मुलांसाठी गाढवाची गाडी, एक विदूषक. आणि सगळं मलूल. मुलं कंटाळलेली, मोठी माणसं हाताची घडी घालून उभी. हेंडरसननी ते पाहिलं. हे काही जमत नाहीये, यात जीव ओतायला हवा, असं त्यांनी साथीदारांना सांगितलं. त्या साथीदारांच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेले पॅन होते. लक्षात घ्या, गळ्यात अडकवलेले. म्हणजे वाजवता वाजवता चालता येत होतं. पियानो असता तर ही गोष्टच घडली नसती. त्यांनी अडसर बाजूला केला आणि वाजवत चालायला लागले. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. पाहतात तर मागे माणसं. म्हणून पुन्हा निघाले, आणखी थोडं लांब. बाजाराला निघालेल्या बाया हातातल्या पिशव्यांसकट मागे आल्या. घरांतून माणसं दारात आली, दारातून रस्त्यावर आली. मार्ग ठरलेला नव्हताच. हेंडरसननी नंतर सांगितलं होतं की समोरून बस आली, की ते दुसऱ्या रस्त्याला वळायचे! डोळ्यांसमोर आणा. पुढे तीन-चार वादक, मागे आयरिश आजी, आफ्रिकी पोर, कॅरिबियन कामगार, आणि सगळी वरात बस चुकवत गल्ल्या-गल्ल्यांतून चाललेली.

त्या चालण्यातूनच नॉटिंग हिल कार्निव्हलची मिरवणूक उभी राहिली. 1973 साली लेस्ली पामर या तरुण शिक्षकानं तिचं रूप पुष्कळ मोठं केलं. आता दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि त्याच्या आदल्या रविवारी लाखो लोक तिथं येतात. मार्ग ठरलेला असतो, पोलीस असतात, सगळं असतं. पण 1966 च्या त्या दिवशी आखणीत हेंडरसनची ही वाटेल तिथं वळणारी मिरवणूक नव्हती. आखणीत होती एक बाई, तिनं सगळ्यांना दिलेलं आमंत्रण, आणि वाट मोकळी करायला हलवता येईल असा एक अडसर.

म्हणून म्हणतो, थोडी जागा मोकळी सोडा, थोडा वेळ मोकळा सोडा. मिनिटामिनिटाचा कार्यक्रम छापलात तर हेंडरसनना कुणीतरी सांगेल, तुमची वेळ चार वीसला आहे, तोवर बसा. मैदानाच्या मधोमध काहीही मांडू नका. टेबलं कडेला लावा. आणि चालता चालता वाजवता येईल असं वाद्य असलेलं एक तरी पथक बोलवा.

आता कामाच्या गोष्टी, भराभर. परवानग्यांच्या मागे तीन-चार महिने आधी लागा: जागा, आवाज, रस्ता, आग. वीज, पाणी, स्वच्छतागृहं, प्रथमोपचार, चुकलेल्या मुलांसाठी एक टेबल, हे तुम्ही जाणताच. तारीख ठरवण्याआधी मात्र ज्यांना बोलावताय त्यांना विचारा. कुणाचा उपास, कुणाचा प्रार्थनेचा दिवस, कुणाच्या परीक्षा. रमझानच्या दुपारी खाद्यजत्रा ठेवली, तर काही शेजारी येणार कसे? खाण्याच्या प्रत्येक टेबलावर पदार्थात काय काय आहे, ते ठळक लिहा. शेंगदाणा, दूध, अंडं, मांस. मांसाहारी आणि शाकाहारी डाव वेगळे ठेवा, हे घरात सांगावं लागत नाही, पण गर्दीत डाव इकडचा तिकडे होतोच. दोन रंगमंच करणार असाल, तर त्यांची तोंडं एकमेकांकडे नको, नाहीतर एकाचं गाणं दुसऱ्याच्या नाटकात शिरेल.

आणि भाषणं. उद्घाटनाची भाषणं शक्य तितकी कमी. खरं तर नकोतच, पण तुम्ही ऐकणार नाही, म्हणून कमी म्हणतो. माइकवर कविता म्हणत सूत्रसंचालन करणाऱ्यांनाही त्या दिवशी दुसरं काही काम द्या. पाणी वाटू देत.

पण तारखेच्याही आधीचं एक काम आहे. समितीत कोण बसलंय, ते पाहा. ज्यांच्या संस्कृतीचा मेळा, ते फक्त टेबल लावायला येणार असतील, तर ते पाहुणे झाले. त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा, चौकोन आखायच्या आधी. भाषेची अडचण असेल तर त्यांच्यातलीच एखादी शाळकरी मुलगी दुभाषी म्हणून बसवा, ती तुमच्यापेक्षा भराभर काम उरकेल. आणि एका देशाचा एकच आवाज समजू नका. एका घराला जे अगदी आपलं वाटतं, ते शेजारच्या घरात कुणी ओळखतही नसेल. एका टेबलावर दोन घरांना बसू द्या, त्यांच्यात थोडा वाद होऊ द्या. ऐकणाऱ्याला त्यातूनच जास्त कळतं.

मेळा संपल्यावर झाडू मारायची माणसं आधीच ठरवून ठेवा, आणि जमाखर्च आठवड्याच्या आत सगळ्यांना दाखवा. पुढच्या वर्षीची जागा तेव्हाच मागून टाका, नंतर मिळत नाही.

आजच्यापुरतं एवढंच, श्रोतेहो. नमस्कार.